वहीत न दिसणारी थकबाकी

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींनाही वाचता यावं म्हणून इथे देत आहोत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. दरवर्षी आपण इथे उभं राहून बचत किती झाली, कर्ज किती उचललं, परतफेड किती टक्के झाली ते सांगतो. ते आकडे अहवालात छापले आहेत, तुमच्या हातात आहेत. आज मी दुसऱ्याच एका थकबाकीबद्दल बोलणार आहे. ती आपल्या कुठल्याच वहीत लिहिलेली नाही, पण आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात आहे. माझ्या घरात होती, म्हणून बोलायचं धाडस करते.

२०२२ सालची गोष्ट आहे. दिवाळीची सुट्टी होती. गटाची बैठक माझ्याच ओसरीवर होती. मी चहा ठेवायला आत गेले आणि जाता जाता धाकटीला म्हटलं, "मावश्यांना मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखव गं." ती तेव्हा तिसरीला होती. मी आतून ऐकतेय, तर बाहेर आवाजच नाही. मला वाटलं, लाजते आहे. बाहेर येऊन पाहिलं तर पोर वही धरून तशीच बसलेली. एकीनं विचारलं, "अक्षर लागत नाही का गं आईचं?" तेवढ्यात सगळ्या हसल्या आणि विषय गेला.

रात्री मी तिला जवळ घेतलं आणि तिचंच पुस्तक पुढे ठेवलं. म्हटलं, हे तर छापील आहे, वाच. 'घर', 'कमळ' असं वाचलं तिनं. काना आला तरी वाचलं. वेलांटी आली, मात्रा आली, की थांबायची. जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची. मग रडत म्हणाली, "आई, मला अक्षरं येतात गं, पण ती एकत्र आली की मला कळत नाहीत."

बायांनो, मला त्या रात्री झोप आली नाही. गटातल्या प्रत्येकीचा हप्ता, कुणाचे किती बाकी, हे मला तोंडपाठ. वही न उघडता सांगीन. आणि माझ्या पोटच्या पोरीला वाचता येत नाही, हे मला तिसरीच्या दिवाळीत कळलं! दोन प्रगतीपुस्तकं घरात होती. दोन्हीवर ती पास होती. मी ती फळीवर ठेवून दिली होती.

मग मी हिशोब मांडायला बसले, की हे झालं कसं.

आठवा तुम्ही पण. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आपल्याला वाटलं, पंधरा दिवस, फार तर महिना. पुढे नववी ते बारावीचे वर्ग त्या वर्षीच्या नोव्हेंबर अखेरीला सुरू व्हायला लागले. पाचवी ते आठवीचे २०२१ च्या जानेवारीत उघडले आणि दुसरी लाट आली तसे पुन्हा मिटले. पण सगळ्यांत लहान मुलं सगळ्यांत जास्त दिवस घरी राहिली. खेड्यापाड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे वीस महिने. त्यात जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली आणि पुन्हा दोन आठवडे कुलूप.

माझी धाकटी जून २०२० मध्ये पहिलीला गेली. गेली म्हणजे नाव गेलं, पोर घरीच होती. तिनं वर्गाचं तोंड पाहिलं तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष संपत आलं होतं. आता सांगा, पहिलीत काय शिकवतात? अक्षर ओळखायला, काना-मात्रा लावायला, शंभरापर्यंत मोजायला. तोच पाया, आणि नेमकी तीच पहिली तिची घरात गेली.

ऑनलाइन शिक्षण होतं, असं कुणी म्हणेल. होतं. आमच्या घरात मोठा फोन एकच, तो मालकांच्या खिशात. ते संध्याकाळी आले की थोरल्याचा नंबर आधी, कारण त्याचं दहावीचं वर्ष. धाकटीच्या वाट्याला फोन यायचा तेव्हा चार्जिंग संपलेलं, नाहीतर रेंज गेलेली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. कार्यक्रम चांगला होता, तिला आवडायचा. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही आणि मुलाचं काय चुकलं ते टीव्हीला दिसत नाही. शिक्षकांना मी दोष देणार नाही. आमच्या शाळेच्या बाई वस्तीवर येऊन, झाडाखाली मुलं बसवून, स्वाध्यायाचे कागद देऊन जायच्या. त्यांनी केलं तेवढं केलं. पण आठवड्यातून एकदा तासभर येणं म्हणजे काही शाळा नव्हे.

वर्ष संपलं आणि मुलांना परीक्षा न घेता वर घातलं. ते बरोबरच होतं. साथ आली त्यात मुलांचा काय गुन्हा? त्यांचं वर्ष का फुकट घालवायचं? पण आपण आयांनी त्याचा अर्थ चुकीचा घेतला. आपल्या गटात एखादीचे चार हप्ते थकले आणि सचिवानं वहीत 'नियमित' लिहिलं, तर कर्ज फिटतं का? लिहिणाऱ्याचं मन भलं असेल, पण बाकी ती बाकीच.

हे फक्त माझ्या घरात झालं का? नाही. प्रथम संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल असतो. त्यांची माणसं गावात घरोघर जातात, मुलांच्या हातात एक कागद देतात आणि वाचायला सांगतात. कागदावर दुसरीच्या पुस्तकाइतकी सोपी गोष्ट असते. २०१८ साली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिसरीच्या १०० मुलांपैकी ४२ मुलं ती गोष्ट वाचू शकत होती. शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा पाहिलं, तर १०० पैकी साधारण २७ उरली. ही २०२२ ची तिसरी म्हणजे माझ्या धाकटीचीच बॅच. ती उरलेल्या ७३ मध्ये होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मुलं नुसती नवीन शिकायची राहिली नाहीत, जे येत होतं तेही विसरली. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या लोकांनी जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची दुसरी ते सहावीची १६,०६७ मुलं तपासली. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण मुलं आपल्यासारख्याच घरांतली. १०० पैकी ९२ मुलं भाषेतली आधी येत असलेली एक तरी गोष्ट विसरली होती. गणितात ८२ मुलांचं तसंच. पाटा रोज वापरला नाही तर धूळ बसते, तसंच आहे हे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे जुनं झालं. शाळा सुरू होऊन चार वर्षं होत आली. आता आकडे सुधारलेत.

खरं आहे, सुधारलेत. २०२४ च्या असरमध्ये देशाच्या खेड्यांतली तिसरीची मुलं पुन्हा जवळजवळ २०१८ च्या जागेवर आली. पण नीट बघा, ही तिसरीची मुलं कोण? ही २०२२ मध्ये पहिलीला बसलेली. यांची पहिली बुडालीच नाही. ज्यांची बुडाली, ती २०२४ मध्ये पाचवीला होती. त्या पाचवीतली १०० पैकी ४९ मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. तिसरीत ती फारच मागे होती, दोन वर्षांत बरीच पुढे आली, हे शिक्षकांचं आणि मुलांचं कौतुकच. साथीच्या आधीही पाचवीचा आकडा ५० च्याच आसपास होता. पण उरलेल्या ५१ चं काय? ती मुलं यंदा सहावीला आहेत. त्यांच्यापुढे इतिहासाचं पुस्तक आहे, विज्ञानाचं आहे. वाचताच येत नसेल तर ती सगळी पुस्तकं बंदच म्हणायची. असं मूल वर्गात दंगा करत नाही. मागं बसतं, फळ्यावरचं बघून उतरवून काढतं, वही पूर्ण दिसते. आपण वही बघतो आणि खूश होतो.

यावर पाकिस्तानातला एक अभ्यास मला ऐकायला मिळाला, तो सांगते. तिथे ८ ऑक्टोबर २००५ ला मोठा भूकंप झाला. त्या भागातल्या शाळा साधारण १४ आठवडे बंद होत्या. सव्वातीन महिने म्हणा. चार वर्षांनी अभ्यासक परत गेले. घरं बांधून झाली होती, मदतही पोचली होती. पण भूकंपाच्या जवळच्या गावातली मुलं शिक्षणात दीड ते दोन वर्षं मागे होती. बुडाले सव्वातीन महिने आणि मागे पडली दीड-दोन वर्षं! असं का झालं असेल? शाळा उघडली तेव्हा गुरुजी पुस्तकाच्या पुढच्या धड्यावर गेले. मुलाला मागचा धडा येत नव्हता, म्हणून पुढचा कळला नाही. तो कळला नाही म्हणून त्याच्या पुढचा नाही. हप्ता थकला की व्याज चढतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी निघाली, की ती ऐकून मी उठून बसले. ज्या मुलांच्या आईचं प्राथमिक शिक्षण पुरं झालेलं होतं, ती मुलं मागे पडलीच नव्हती. आई चौथी-पाचवी शिकलेली, एवढाच फरक. ती काही शिक्षिका नव्हती. पण मूल अडलंय हे तिला कळत असणार.

मला माहीत आहे, आता काही जणी मान खाली घालतील. म्हणतील, आम्ही तर सही करायलाच गटात शिकलो. बाई, मान वर कर. मी चौथी नाही, दहावी शिकलेय. तरी माझ्या पोरीचं मला दोन वर्षं कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. आणि गटात कधीही सगळ्या एकसारख्या नसतात. एकीकडे पैसा नसतो तेव्हा दुसरीची बचत तिच्या कामी येते ना? मग एकीचं वाचणं दुसरीच्या पोराच्या कामी का येऊ नये?

आमच्या गटानं काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. तुम्ही पुढच्या बैठकीत करू शकता.

एका कोऱ्या कागदावर मी चार भाग लिहिले. पहिल्या भागात दहा सुटी अक्षरं. दुसऱ्यात दहा सोपे शब्द: पाणी, मीठ, गाव, झाड असे. तिसऱ्यात चार छोट्या वाक्यांचा परिच्छेद. चौथ्यात दुसरीच्या पुस्तकात असते तेवढी आठ-दहा ओळींची गोष्ट. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावलं आणि आधी परिच्छेद वाचायला दिला. आला तर गोष्ट. नाही आला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मूल जिथे थांबेल ती त्याची पायरी. दहा मिनिटंही लागत नाहीत.

गणितालाही तसंच. हातच्याची वजाबाकी द्यायची: ६३ मधून २८ गेले, किती उरले? मोठ्या मुलाला भागाकार: ८७५ रुपये सात जणींत सारखे वाटायचे, प्रत्येकीला किती? आपल्या गटातलेच हिशोब आहेत.

दोन नियम आम्ही पाळले. पहिला, चार लोकांत तपासायचं नाही आणि दुसऱ्याच्या पोराशी तुलना करायची नाही. दुसरा, चुकलं तर रागवायचं नाही. ज्या मुलाला वाटतं की आता मार बसणार, ते आपली पायरी कधीच दाखवत नाही.

आमच्या गटात एका ताईंचा मुलगा आठवीला आहे. उंच, अंगानं भरलेला, ट्रॅक्टर चालवतो. शाळा बंद झाल्या तेव्हा त्याची दुसरी संपत आली होती आणि तिसरी पूर्ण घरी गेली. तो यायलाच तयार नव्हता. आला, कागद हातात घेतला आणि परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीवर थांबला. त्याची आई म्हणाली, "रोज शाळेत जातो, एक दिवस चुकवत नाही, मग वाचता कसं येत नाही?" तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, याला यंदा ऊसतोडीला घेऊन जाते. शाळेत बसून तरी काय करतोय?"

बहिणींनो, मला बोलायचंय ते इथंच. मूल 'ढ' आहे म्हणून शाळा सुटत नाही. वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, मुलाला लाज वाटत राहते, आणि मग एक दिवस घरातलेच म्हणतात, चल कामाला. मुलगी असेल तर म्हणतात, स्थळ बघा. आपल्याला वाटतं, गरिबीनं शाळा सुटली. गरिबी आहेच. पण त्या वीस महिन्यांची थकबाकीही त्यात असते. त्यातून पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. आता नुसतं वर ढकललं जाईल, या भरवशावर राहता येणार नाही.

त्या ताईंना आम्ही सगळ्या जाऊन भेटलो. मुलाला गावात आजीपाशी ठेवायचं ठरलं. रोज संध्याकाळी अर्धा तास तो गटातल्या एका ताईकडे जातो. दुसरीचं पुस्तक हातात धरायला तो तयार नव्हता, म्हणून त्या ताईंनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. बाहेरून कुणाला कळत नाही कितवीचं आहे. आता तो परिच्छेद वाचतो, हळूहळू, बोट ठेवून. आठवीची परीक्षा त्याला जड जाणार आहे, हे मी लपवत नाही. पण परवा त्यानं आजीच्या औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, असं ती सांगत होती.

तर माझी संघाला विनंती अशी आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक गटानं आपल्या मुलांची अशी तपासणी करावी. ज्यांना गोष्ट वाचता येत नाही त्यांना रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला बसवावं. पुस्तक त्याच्या इयत्तेचं नको, त्याच्या पायरीचं हवं. ज्या आईला वाचता येत नाही तिनं शेजारी बसून ऐकावं आणि नंतर म्हणावं, "काय गोष्ट होती, मला सांग." ज्याला समजलं तो सांगतो. नुसतं पाठ केलेलं असेल तर तो अडतो. एवढं कळायला आपल्याला अक्षर लागत नाही.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. बऱ्याच गावांत आपली नुसती सही घेऊन जातात. पुढच्या सभेला जाऊन बसा. रंगरंगोटी, पोषण आहार यावर बोलाच, पण हेही विचारा की सहावीत किती मुलांना वाचता येतं आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आपण मिळून काय करायचं. भांडायला जाऊ नका. शिक्षकांनाही मदत हवी आहे. आमच्या बाईंना आम्ही आमचा कागद दाखवला, तेव्हा त्यांनीच आम्हाला जुनी पुस्तकं काढून दिली.

तिसरं, ज्या घरची माणसं तोडीला जातात त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गाड्या भरायच्या आधी शाळेत जाऊन विचारा. मुलं निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही.

आपल्या दशसूत्रीत शिक्षणाचं सूत्र आहे. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, वह्या ही पाच सूत्रं आपण चोख पाळतो, कारण त्यांची दर बैठकीला विचारणा होते. शिक्षणाची होत नाही. म्हणून आमच्या गटानं आता ठराव केला आहे. परतफेडीचा विषय संपला की इतिवृत्तात एक ओळ मुलांच्या वाचनाची लिहायची. कोण कुठल्या पायरीवर आहे, कोण पुढे गेलं, कोण अडलं.

माझी धाकटी आता सहावीला आहे. दोन वर्षं रोज रात्री बसलो तेव्हा ती वाचायला लागली. अपूर्णांक अजून तिला छळतात, त्यावर चालू आहे. पण गेल्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा बैठकीचं इतिवृत्त तिनं वाचून दाखवलं. एका जागी थांबली. मला वाटलं, अडली. तर म्हणाली, "आई, इथं तू एका मावशीचा हप्ता लिहायचा विसरलीस."

एवढं बोलून मी खाली बसते.